पडदेवालीचा पाना

कारखान्यात तिला सगळे पडदेवाली म्हणत. नाटकाशी किंवा खिडक्यांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या पोटात हायड्रोजन आणि हवा एकमेकांपासून दूर ठेवणारा जो प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो ही बाई बनवायची. खास भुकटी विरघळवून काचेवर ओतायची, वाळवून सोलायची आणि आम्लात मुरवायची. कोऱ्या चहाच्या रंगाचा तो पडदा पाणी उकळतं त्याहून कितीतरी जास्त उष्णतेत महिनोन् महिने टिकावा, अशी अपेक्षा होती आणि तो काही केल्या टिकत नव्हता. या एका हट्टापायी तिने बहिणीच्या मुलांची लग्नं चुकवली, नवऱ्याची बोलणी खाल्ली. "माझ्यापेक्षा त्या पापुद्र्याला जास्त जपतेस," असं तो म्हणायचा. ते खरंच होतं.

शेवटी एक पडदा मनासारखा जमला, आणि नेमकं तेव्हाच त्याची भुकटी बनवणाऱ्यांनी ती बनवणं बंद केलं. दुसरा पडदा होणे नाही. साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की मोठ्या कंपनीचे पाहुणे इंजिनिअर बघायला येईपर्यंत सेल चालता राहिला तर ते भुकटीची सोय करतील, नाहीतर विभागाला कुलूप. विभाग म्हणजे माणसं तीनच: साहेब, फिटर आणि ती. पन्नाशी उलटलेल्या बाईला आणि तिच्या या जगावेगळ्या हातोटीला बाहेर कोण विचारणार होतं?

सेल सुरू झाला. बरेच दिवस मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा शहाण्यासारखा जागेवर राहिला, मग एका सकाळी केसभर खाली आला. एकदा जोडलेल्या सेलचे पत्रे दाबून धरणाऱ्या नटांना हात लावायचा नाही, हा नियम तिचाच. पण जीव राहीना. तिने पाना घेतला आणि प्रत्येक नट किंचित आवळला. आकडा वर आला! तिचा जीव भांड्यात पडला. मग रोज सकाळी आल्याबरोबर ती किंचित आवळायची आणि आता हे शेवटचं, असं स्वतःला बजावायची.

पाहुण्यांची भेट उद्यावर आली आणि त्या सकाळी आवळूनही आकडा हलला नाही. तिने सेलवरचा भार काढून, म्हणजे त्यातून वीज ओढणं थांबवून पाहिलं. भार नसताना आकडा ताठ उभा राहायला हवा, तो लटपटत होता. म्हणजे हायड्रोजन पडद्यातून थेट पलीकडे झिरपत होता. पडदा पातळ झाला होता.

जोडणीच्या दिवशी तिने भाचीच्या नेलपॉलिशने नट आणि पत्रा यांवरून एकेक सरळ रेघ ओढली होती. टॉर्च घेऊन ती वाकली. नटावरची रेघ पत्र्यावरच्या रेघेपासून पार दुसऱ्या बाजूला गेली होती. तिने रोजचं मिळून फिरवलं होतं त्याच्या कितीतरी पुढे.

तिने फिटरला विचारलं. तो फडक्याला हात पुसत म्हणाला, रोज घरी जाताना जरासा आवळायचो, आकडा वर आला की रात्री झोप लागायची. त्याच्यावर ओरडायला तिला तोंड नव्हतं. दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलाचा खण उघडला. आत पाना होता.

"दुपारी तुम्ही डबा खायला जायचात तेव्हा," ते म्हणाले. "वाटलं, एवढ्याशाने काय होतंय."

गरम पडदा नटांच्या दाबाखाली कणकेसारखा पसरतो, हे तिघांनाही पाठ होतं. शिकलेली माणसं, पण धीर धरायला कुणी शिकवलंच नव्हतं. आता नट सैल करावेत तर कडेने गॅस सुटणार. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिघं हाताची घडी घालून आकड्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच साहेबांनी स्वतः गॅस बंद केला. पाहुण्यांनी थंड पडलेला सेल पाहिला, चहा घेतला, गोड बोलून निघून गेले.

संध्याकाळी तिने सेल उघडला. पडदा कडेला विरून फाटला होता. मग तिला आठवण झाली. त्याच पडद्याची बोटभर पट्टी तिने पहिल्या दिवशी आम्लात घालून ओव्हनमध्ये ठेवली होती. तेच आम्ल, तीच उष्णता. फक्त या पट्टीला कुणी आवळलं नव्हतं. हातमोजे घालून तिने पट्टी बाहेर काढली, धुतली, दुमडली. साधी चीरही गेली नाही.

"एवढीच उरली?" फिटरने विचारलं.

"एवढीच."

तिने पट्टीची दोन्ही टोकं धरली आणि ओढली. मग पुन्हा ओढली. निदान आता तरी तुटावी, म्हणजे पडद्यातच खोट होती असं म्हणता येईल, म्हणून तिने अंगातला सगळा जोर लावला. पट्टी तुटली नाही.