मथळे उचलणारे संपादकसाहेब

संपादकसाहेबांनी आयुष्यात एकही बातमी लिहिली नव्हती आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून त्यांनी वसई-विरारची म्हणून एक वेबसाइट काढली होती. इंटरनेट तेव्हा नवीन होतं, त्यामुळे एवढ्यावर माणूस संपादक होत असे. व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी अक्षरांत 'मुख्य संपादक' असं होतं. त्यांच्या हाताखाली मी एकटीच होते.

त्यांची युक्ती साधी होती. एक मोठी इंग्रजी साइट सगळ्या वर्तमानपत्रांचे मथळे गोळा करायची. ते मथळे आपोआप आमच्या पानावर येऊन पडतील, अशी सोय साहेबांनी कुणाकडून तरी करून घेतली होती. मग पायजम्यात चहा पीत ते म्हणायचे, "आजचा अंक चांगला निघालाय हं." वाचायचे मात्र नाहीत.

एकदा मी जवळच्याच गोखिवऱ्याहून खरी बातमी आणली. कारखान्याचं सांडपाणी झिरपून तिथल्या एका विहिरीचं पाणी लालसर झालं होतं. एका आजीने तांब्या माझ्या नाकासमोर धरला. "असला पानी पोरांना कसा देऊ? छाप गो बाय." मी छापते म्हणाले.

साहेबांनी दोन ओळी वाचल्या. "मोठ्या साइटवर आलंय का?"

"नाही."

"मग ही बातमी नाही, तक्रार आहे."

माणूस मनाने वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा ते आठवडाभर स्वतः डबा घेऊन यायचे. म्हणूनच त्यांची कीव करता येत नाही. चांगलं वागणं त्यांना जमत होतं. कामात ते फुकटेपणाच करत.

पुढे मोठ्या साइटने नियम बदलला. 'आमचे मथळे परवानगीशिवाय कुणी लावायचे नाहीत,' असं ठरवून तिने मथळ्यांऐवजी तशी सूचनाच पाठवायला सुरुवात केली. आमच्या पानावर राजकारण, क्रीडा, हवामान, सगळ्या रकान्यांत तीच ओळ: या मथळ्यांच्या वापरास मनाई आहे. मी मुद्दाम गप्प बसले. चार दिवस साहेबांचा अंक चांगलाच निघत होता. पाचव्या दिवशी जाहिरात देणाऱ्या क्लासवाल्या सरांचा फोन आला, "साहेब, हवामानाला कसली मनाई झालीय?"

साहेब संतापले. "चोर लेकाचे! आपले मथळे काढून घेतले!" हे 'आपले' ते अगदी मनापासून म्हणाले.

मग त्यांना मी आठवले. "तुझी ती विहीर कुठंय गं?"

स्कूटरवरून दहा मिनिटांत पोचलो. साहेब गोखिवऱ्यात पहिल्यांदाच आले होते. विहिरीच्या जागी डबराचा ढीग होता. आजी ओट्यावर बसली होती. "आता काय बघतेस? नातीला कावीळ झाली, तवा बुजवली."

"वा! म्हणजे बातमी अजून मोठी झाली," साहेब म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा काढला. "आजी, जरा ढिगाजवळ उभ्या राहता?"

आजी उठली आणि आत गेली. दार लावताना तिने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं.

नोकरी मी तिथेच, रस्त्यावर सोडली. साहेबांना आजही मनसोक्त नावं ठेवते. पण छापते म्हणून सांगून आल्यावर सहा महिने मीही त्या दारात गेले नव्हते. वसईत आणखी चार वर्तमानपत्रांची ऑफिसं होती, आणि त्यांतल्या एकाचीही पायरी मी चढले नव्हते.