गच्चीवरचे बिबडे

मंगळवारी सकाळी महापालिकेचा माणूस आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आला आणि अक्काचं काम बंद झालं.

अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती पारोळ्याहून माझ्याकडे राहायला आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला. दोघांच्या घरात बोलणं थोडंच असायचं. मग एका उन्हाळ्यात तिने गच्चीवर चूल मांडली, ज्वारीचं पीठ शिजवून पापडासारखे बिबडे घातले आणि गल्लीतल्या बाया हातभार लावायला आल्या. आमच्याकडे रीतच आहे ती. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. फरक इतकाच, की अक्काचे बिबडे पुढे धुळ्याच्या दुकानांत जाऊ लागले आणि बाया रोज येऊ लागल्या. त्या निघाल्या की ती प्रत्येकीच्या हातात बिबड्यांची चळत ठेवायची. मी खाली वाचत बसायचो. वरून हसणं ऐकू यायचं.

कोणीतरी चुलीच्या धुराची तक्रार केली होती. आलेला माणूस सभ्य होता. राहत्या वस्तीत घरच्या माणसांनी घरगुती धंदा केला तर हरकत नाही, असं त्याने मला समजावलं. बाहेरचे कामगार लावले की तो कारखाना ठरतो. त्याची जागा औद्योगिक वसाहतीत. मग गच्चीवर जाऊन त्याने विचारलं, या सगळ्या घरच्याच का?

समोरच्या घरातल्या म्हातारीला वाटलं, साहेब अनुदान द्यायला आलाय. अक्काचा धंदा मोठा दिसावा म्हणून, सगळी गल्लीच इथे कामाला येते असं सांगायला तीच पुढे झाली.

"बठ्ठी गल्ली आठे कामले येस, भाऊ. हाऊ तं कारखानाच शे."

दुसरीने हसत भर घातली, की मालकीण घटकाभर टेकू देत नाही. अक्का खाली मान घालून बिबडे थापत राहिली. त्याने लिहून घेतलं.

नोटीस आल्यावर मी अक्काला म्हटलं, या शेजारणी आहेत, मजुरी घेत नाहीत, म्हातारी उगाच बोलली, असं कळवू.

"तिला चारचौघांत खोटी पाडू?" अक्का म्हणाली. "माझ्यासाठीच बोलली ना ती."

मी तसं कळवलं नाही. नियमही चुकीचा म्हणता येत नव्हता.

औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड भाड्याने मिळत होती. ती बघायला आम्ही रिक्षाने गेलो. अक्का दारातूनच आत बघत राहिली.

"इथे कोण येईल माझ्याकडे?"

एवढं म्हणून ती परत रिक्षात जाऊन बसली.

बाया काही दिवस नुसत्या बसायला आल्या. हाताला काम नसलं की गप्पाही लवकर संपतात. म्हातारी एकदा येऊन रडली, तेव्हा अक्कानेच तिची समजूत घातली. पुढे जी ती आपापल्या घरच्या कामाला लागली. अक्का दुपारभर ओट्यावर गल्लीकडे तोंड करून बसायची.

हिवाळ्यात ती गेली. काम बंद झालं म्हणून गेली, असं मी म्हणणार नाही. हृदयाचं दुखणं जुनंच होतं.

आता या घरात मी एकटा राहतो.