राखेची पाटी

नातीने मांजरासाठी विकतची वाळू आणली. "आजी, हा नवीनच प्रकार आलाय," म्हणाली आणि मला जतची चूल आठवली.

सत्तर सालानंतरची गोष्ट, मी नवी सून. घरची मांजरी मेली, तिची तीन पिल्लं मी दुधात भिजवलेल्या वातीने जगवली. ती दूध-भाकरी खाऊ लागल्यावर त्यांना राखेच्या पाटीत बसायला शिकवलं. एका सकाळी तिन्ही पिल्लं विझलेल्या चुलीतच घाण करून आली.

चूल विटाळली! आता पिल्लं पोत्यात घालून लांब सोडणार, म्हणून मी रडू लागले. सासूबाई चूल सारवत म्हणाल्या, "त्यास्नी काय बोलायचं? राख तूच दावलीस. चुलीत दुसरं काय असतंय?"

मग स्वतःच ओढ्यावर गेल्या आणि पाटीभर वाळू घेऊन आल्या.