विनोदिनीबाईंच्या हातची पेज

पंचक्रोशी अभ्यास मंडळाच्या अध्यक्षाला खुर्ची नव्हती, डवला होता. म्हणजे पेज वाढायची पळी, नारळाच्या करवंटीची, लांब दांड्याची. पेडणे-डिचोलीचे शाळामास्तर, कॉलेजातले प्राध्यापक, बँकेतला एखादा हौशी असे सगळे महिन्यातून एकदा कुठल्यातरी गावात जमत. कोल्हापूर-बेळगावचे जाणकारही सवड काढून येत. कोणीतरी त्या गावावर निबंध वाचायचा, मग सगळ्यांनी तो गाव पायी हिंडायचा आणि शेवटी अध्यक्षानं आपल्या हातानं प्रत्येकाला पेज वाढायची. ज्याच्या हातची पेज घेतली तो आपला अध्यक्ष, एवढीच मंडळाची घटना. ती पहिले अध्यक्ष गोकुळदास मास्तर यांनी घालून दिली आणि वर्षानुवर्षं पाळली.

विनोदिनीबाई आता निवृत्त आहेत, पण त्या पेजेची आठवण निघाली की अजून त्यांचा चेहरा उजळतो. डिचोलीच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. मंडळात आल्या त्या हिंडायच्या हौसेनं. अध्यक्षपद वगैरे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ते गळ्यात पडलं शहाऐंशी साली. भाषेवरून गोवा पेटला होता. मास्तर पक्के मराठीवाले. त्यांच्याच गावचा, त्यांनीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतलेला मधुकर म्हापशाच्या कॉलेजात शिकवायचा आणि तो पक्का कोकणीवाला. पेडण्याच्या सभेत दोघांची अशी जुंपली की खिडकीबाहेर माणसं गोळा झाली. मधुकर म्हणाला, "मास्तर, तुमी आमची आवय विसरल्यात." आईच विसरलात, हे ऐकून मास्तर पांढरेफटक पडले. त्यांनी हातातला डवला शेजारी बसलेल्या विनोदिनीबाईंच्या मांडीवर ठेवला, "सांबाळ" म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. मधुकरही दुसऱ्या दारानं गेला.

आता शेजारी बसणं हा काही गुन्हा नव्हे! पण डवला त्यांच्याकडे राहिला. पुढच्या सभांना माणसं रोडावत गेली. मास्तरांचे लोक येईनात, मधुकरचे येईनात. उरलेल्यांना बाई निमूट पेज वाढत. मास्तरांनी एकदा तरी आपल्या हातची पेज घेतल्याशिवाय हे पद खरं नाही आणि मंडळही जगत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी शिरगाव निवडलं. मास्तर आणि मधुकर दोघेही तिथल्या लइराई देवीचे धोंड, म्हणजे दर वर्षी व्रत धरून जत्रेला जाणारे. दुसरीकडे नाही आले तरी देवीच्या गावात नाही कसं म्हणतील? जत्रेची गर्दी नको म्हणून बाईंनी आदल्या आठवड्यातला रविवार धरला आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झाल्या.

पेजेचं मडकं घेऊन त्या शिरगावात उतरल्या, तर धोंडांचे माटव, झावळ्यांचे मांडव, आधीच उभे! व्रत जत्रेच्या आधीच सुरू होतं, हे डिचोलीच्या या सुनेच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात कोणी धोंड नव्हता, दुसरं काय. एका माटवाच्या तोंडाशी मास्तर ओल्या पंच्यात बसले होते. आत मधुकर चूल फुंकत होता. एकाच गावचे, म्हणून एकाच चुलीवर जेवत होते आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

मास्तर मडक्याकडे पाहून म्हणाले, "बाय गो, व्रतांत आमी भायलें खायनात, हें तुका खबर ना?"

बाई रडायच्या बेतात होत्या. मग त्या सरळ माटवाबाहेर, अंतर राखून, धुळीत बसल्या. "खाऊ नका. ऐकाल तरी?"

त्यांनी शिरगाववरचा निबंध वाचायला घेतला. उरलेसुरले सभासद मागे टेकले. पेडण्याहून पायी येणाऱ्यांची जुनी वाट खाणीच्या मातीखाली गेली, असं वाक्य आलं आणि दोन आवाज एकदम उठले.

"ना गो!" मास्तर म्हणाले.

"आसा ती वाट," मधुकर आतून म्हणाला. मग थांबून, खालच्या आवाजात, "मास्तरांनी माका हात धरून त्याच वाटेन हाडिल्लो. पयलें व्रत तें."

 मास्तर धोंडांची वेताची काठी घेऊन उठले. "चल, बाईंक दाखवूंया."

दोघे पुढे, मंडळ मागे. मातीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून वाट खरंच होती, झुडपांत दडलेली. मास्तरांचा पाय घसरला तेव्हा मधुकरनं हात दिला आणि मास्तरांनी तो धरला. बाई मागून बघत होत्या. आनंद झाला, पण पेजेचं मात्र राहूनच गेलं. पेज बाकीच्यांनी प्यायली, त्या दोघांनी नाही. परतीच्या बसमध्ये भरलं मन आणि रिकामं मडकं घेऊन त्या बसल्या.

गोवा राज्य झालं. त्यानंतरची पहिली सभा बाईंच्या माहेरी, तुयेला. मास्तर येणार की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. निबंध झाला, हिंडणं झालं. माणसं पंगतीला बसली आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली. मधुकर चालवत होता, मागे त्याला धरून मास्तर.

"वाटेंत पंक्चर," मधुकर म्हणाला.  मास्तर थेट पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले आणि वाटी पुढे केली.

 बाईंनी एक डवला घातला. वाटी तिथंच राहिली.

"आनीक घाल गो बाय," मास्तर म्हणाले. "शिरगावची घेवपाची उरल्या न्हय?"