हिरडीच्या रंगाचा कान

आमच्या वहिनी दात करतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पुढच्या खोलीत बसतात, तोंड उघडायला सांगतात आणि 'पुढच्या मंगळवारी या' म्हणतात. कवळी तयार होते ती मागच्या खोलीत. तिथे खिडकी नाही, आणि पंखा लावला की भुकटी उडते म्हणून पंखाही बंद. त्या खोलीत वहिनी सत्तावीस वर्षं बसल्या आहेत. आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्यांच्या दातांनी जेवतात, हसतात, सुनांना टोमणे मारतात, आणि येता-जाता नमस्कार मात्र डॉक्टरांना करतात.

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही. फारच गहिवरून आलं तर आम्ही 'ठीक आहे' म्हणतो. पाच वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जिन्यावरून पडला आणि वरचे सहा दात घालवून बसला. वहिनींनी चार दिवस खपून नवे केले. जुन्यांत एक जरासा वाकडा होता, तोसुद्धा तसाच वाकडा केला, कुणाला कळू नये म्हणून. दादाने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "चालतील." तेव्हापासून चालताहेत.

अशा बाईने एके दिवशी जेवताना सांगितलं, "मी वर्षभर परदेशात शिकायला जायचं म्हणतेय. कॉलेजने घेतलंय. फीसुद्धा माफ केलीय."

आईने विचारलं, "कोणाला घेतलंय?"

"मला."

"या वयात?" आई म्हणाली. वहिनींचं वय एकोणपन्नास. आई स्वतः एक्क्याऐंशीची, आणि गेल्याच महिन्यात तिने नवा मोबाइल शिकवत नाही म्हणून माझ्याशी अबोला धरला होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक कान होता. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा डावा कान कॅन्सरने गेला. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, पण चष्मा टेकवायला त्या बाजूला काही उरलं नाही. दोरी बांधून चष्मा लावायचा आणि बारा महिने डोक्याला मफलर. एकदा तो दवाखान्याच्या मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "ताई, दात करता, मग कान का नाही करत?"

वहिनींनी त्याच्या उजव्या कानाचं माप घेतलं आणि डावा कान केला. सामान कवळीचंच, त्यामुळे रंग हिरडीचा. आकार हुबेहूब, पण गुलाबी आणि कडक. त्याने तो दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी कातडी सोलली, आणि एका गिऱ्हाइकाची पोरगी घाबरून रडली. तो कान त्याने परत केला नाही, टाकूनही दिला नाही. व्हॉल्व्हच्या डबीत ठेवला. मग वहिनींनी शोध घेतला तेव्हा कळलं की नाक, कान, डोळा हे सगळं मऊ, कातडीच्या रंगाचं करण्याची विद्या असते, आणि ती डॉक्टर नसलेल्याला शिकवणारं कॉलेज आपल्याकडे नाही.

कॉलेज मिळालं. आता हवा होता त्या देशात जायचा परवाना, म्हणजे व्हिसा.

परवान्यासाठी एक सल्लागार गाठला. त्याच्या भिंतीवर विमानाचं चित्र होतं आणि खुर्चीला तीन पाय. त्याने फाइल चाळली आणि म्हणाला, "कागद सगळे बरोबर आहेत. पण त्या लोकांना एकच भीती असते, आलेला माणूस परत जाणार नाही. तेव्हा घरच्यांनी पत्रं द्या. यांच्यावाचून घर कसं अडेल, ते सविस्तर लिहा. बंद पाकिटात द्या, म्हणजे पढवलेली वाटणार नाहीत."

दादाचा चेहरा उतरला. घरी आल्यावर तो फुटला. "अडतं म्हणून लिहायचं? परक्या देशातल्या साहेबाला? आपल्या घराची काही पत आहे की नाही?" हे बोलताना त्याच्या तोंडात वहिनींचे सहा दात होते.

वहिनी कामावर गेल्यावर आम्ही तिघं लिहायला बसलो. आईने सांगितलं, मी लिहून घेतलं: "सुनेबद्दल तक्रार नाही. ती येण्यापूर्वीही हे घर चालतच होतं." दादाने लिहिलं: "माझ्या पत्नीच्या गैरहजेरीत आमचे काहीही अडणार नाही, याची मी हमी देतो." खाली झोकदार सही. मी लिहिलं की वहिनींच्या जाण्याने मला व्यक्तिशः कसलाही त्रास होणार नाही. यात मला औदार्य वाटलं होतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दादाच्या पत्रातल्या दोन वेलांट्या मी सुधारल्या आणि मजकूर जसाच्या तसा ठेवला. पाकिटं बंद केली.

कचेरीत वहिनींबरोबर मी गेलो होतो. तिथे फोटो आधी नापास झाला, कारण वहिनी त्यात किंचित हसत होत्या. दुसरा काढला. मग बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवलं की यंत्र लाल दिवा लावायचं. खिडकीतली बाई वैतागली. "हात स्वच्छ धुऊन या बरं." वहिनी धुऊन आल्या. पुन्हा लाल. तीनदा धुतले. शेवटी तिने वहिनींचा हात ओढून जवळून पाहिला आणि गोंधळली. बोटांवर रेषाच नव्हत्या. सत्तावीस वर्षं दात घासून गुळगुळीत करता करता बोटंही झाली होती.

"काय काम करता तुम्ही?" तिने विचारलं.

"दात करते."

त्या बाईने अभावितपणे तोंड मिटलं आणि अंगठ्याच्या कडेचा ठसा चालवून घेतला. मी एकाच घरात राहतो, रोज त्याच हातचा चहा पितो, आणि वहिनींची बोटं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला लाज वाटली. पण पाकिटं तोवर खिडकीपलीकडे गेली होती, आणि ती परत मागण्याइतकी लाज काही वाटली नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. वहिनींनी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं. "अर्ज नामंजूर. शिक्षण संपल्यावर अर्जदार परत जाईल असे मानण्यास पुरेसे कारण आढळत नाही. कुटुंबीयांच्याच पत्रांनुसार अर्जदाराच्या अनुपस्थितीत कुटुंबाचे काहीही अडत नाही."

आई पाणी प्यायली. मी मिठाच्या बाटलीवरचं नाव वाचत राहिलो. दादा म्हणाला, "त्यांना भाषा कळलेली दिसत नाही."

"कळलीय," वहिनी म्हणाल्या. कागदाची घडी करून त्यांनी तो डब्याखाली ठेवला आणि सगळ्यांना वाढलं. त्या रडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं. समजूत काढता आली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भलतेच उत्साही झालो. नवी पत्रं लिहू, झणझणीत लिहू! आई तर दम्याने आजारी पडायलाही तयार होती, दमा नसताना. वहिनींनी हात पुसत ऐकून घेतलं.

"नको, भावजी," त्या मला म्हणाल्या. "पहिलीच खरी होती."

दुसऱ्या अर्जाला त्यांनी घरच्यांचा एकही कागद जोडला नाही. सायकलवाल्याला घेऊन त्या फोटोच्या दुकानात गेल्या आणि मफलर काढून त्याचा डाव्या बाजूचा फोटो काढून घेतला. नियमाप्रमाणे पांढरी भिंत, हसू नाही. व्हॉल्व्हच्या डबीतल्या कानाचाही फोटो काढला. सोबत त्याने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. त्यांत शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या, आणि मी एकही सुधारली नाही. "ताई हा कान शिकून येनार आहेत. मी वाट बघतो. माझ्यासारखे कॅन्सरच्या दवाखान्यात अजुन सहा जन आहेत. त्यांनीपन सही केली आहे. ताई सांगीतलेल्या दिवशी दात देतात. कधी चुकल्या नाहीत."

परवाना तीन आठवड्यांत आला.

निघताना दादा दारात उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे लांबूनही दिसत होतं. बराच वेळ बॅगेची चेन पाहून तो म्हणाला, "चेन ठीक आहे." वहिनी गाडीत बसल्या. सायकलवाला कोपऱ्यावर हात हलवत होता, तो मफलर न बांधता आला होता.

पुढे आमचं काहीही अडलं नाही. आईच्या गोळ्यांच्या वेळा कुणालाच माहीत नव्हत्या, म्हणून तिने दोन दिवस झोपेची सकाळी घेतली. गॅस संपतो ही बातमी आम्हाला प्रथमच कळली. आणि सतराव्या दिवशी दादाचा दात, तोच मुद्दाम वाकडा केलेला, शेंगदाण्यावर तुटला. सोबत सहाही दात बसवलेली पट्टी दुभंगली. दवाखान्यात नव्या माणसाने नवी पट्टी करून दिली, पांढरीशुभ्र, सरळ. दादाने आरशात पाहिलं. 'चालतील' म्हणाला नाही. काढून ठेवली आणि दुधात पाव बुडवून खाऊ लागला.

आठवडाभर हे चाललं. एका दुपारी त्याने माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. तोंडात दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते. "लिही. अडतंय म्हणून लिही."

"कचेरीला? आता काय उपयोग?"

"कचेरीला कशाला? तिला."

मी लिहिलं. त्याने सही केली, या वेळी झोकदार नाही. पाकीट बंद करायच्या आधी कागद परत घेतला आणि खाली स्वतः एक ओळ वाढवली: 'दात चांगले होते.' आमच्या घराच्या इतिहासात एवढं लांबलचक कौतुक झाल्याचं मला आठवत नाही.

उत्तर बारा दिवसांनी आलं. दादाने ते तीनदा वाचलं, मग आईला, मग मला दिलं. अवघ्या चार ओळी होत्या.

"तुकडे टाकू नका, डबीत ठेवा. पुढच्या जूनमध्ये येते आहे. मग तुमचं बघते. पण आधी कान, तो तुमच्या आधीपासून थांबला आहे."