सुईचं टोक

काकू चंद्रासाठी दुलया शिवायच्या, असं सांगितलं की लोक हसायचे. पण होतं खरं. लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मशीन चालवून त्या या कंपनीत आल्या होत्या. कंपनी खासगी, माणसं जेमतेम साठ. ज्याला कुणाला आपलं उपकरण चंद्रावर पाठवायचंय त्याच्याकडून भाडं घ्यायचं आणि ते लँडरमधून तिथे उतरवून द्यायचं, असा धंदा. तिथल्या उन्हाथंडीपासून लँडर वाचावा म्हणून त्याला कांद्याच्या सालीएवढ्या पातळ, चकचकीत पडद्यांचे वीस थर शिवून गुंडाळतात. ते काकू शिवत. भलेभले इंजिनिअर त्यांच्या टाक्यांपुढे मान तुकवायचे.

कारखान्यातला एक नियम काकूंनीच इथे आणला होता. सुई तुटली की काम बंद. सगळे तुकडे शोधायचे, कागदावर चिकटवायचे, खाली सही करायची, मगच नवी सुई. एखादा तुकडा सापडला नाही तर वर सांगायचं आणि अख्खी दुलई तपासणीला पाठवायची. "बाळाच्या झबल्यात टोक राहिलं तर?" असं म्हणून त्यांनी साहेबलोकांनाही दरडावलं होतं.

लँडर ट्रकमध्ये चढायचा त्या दिवशी सकाळी, त्याच्या एका पायाची दुलई शिवताना काकूंचीच सुई मोडली. दोन तुकडे सापडले. टोक सापडेना. लोहचुंबक फिरवून झाला, टेबलाखाली रांगून झालं. अर्ध्या तांदळाएवढी ती वस्तू, आणि काकूंचे डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते. गेल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, सहज विचारलं होतं, "काकू, चष्म्याचा नंबर वाढला का हो?" तेव्हापासून काकूंना एकच धास्ती होती. चौपन्नाव्या वर्षी घरी बसवलं तर कोण काम देणार? त्यात ट्रक चारला निघणार होता. त्यांनी दुसऱ्या सुईचं टोक पकडीने मोडलं, त्या दोन तुकड्यांशेजारी चिकटवलं आणि सही ठोकली.

घरी गेल्या गेल्या त्यांनी अंगावरचे कपडे झटकले, चपला उलट्या करून पाहिल्या. टोक तिथे सापडलं असतं तर सुटल्या असत्या बिचाऱ्या.

"आई, काय हरवलंय?" लेकीने विचारलं.

"बटण."

"बटणासाठी एवढा घाम?"

काकूंनी विषय बदलला. पण त्या दिवसापासून जेवताना घासात काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं आणि त्या घास परत ताटात काढून चिवडून बघायच्या.

हवामान बिघडलं म्हणून उड्डाण आठ दिवस पुढे ढकललं. ते आठ दिवस सगळ्यांत वाईट. रोज काकू ठरवायच्या, आज सांगून टाकायचं. मोठ्या बाईंच्या दारापर्यंत जायच्या आणि चुकून इकडे आलो असा चेहरा करून परत फिरायच्या. नवव्या दिवशी रॉकेट उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या.

महिन्याभराने लँडर उतरायची दुपार आली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर उंचीचे आकडे कमी कमी होत होते. तीन पाय उघडल्याचे तीन हिरवे दिवे लागले. चौथा लागेना. तो पाय कुठला, हे काकूंना कुणाला विचारावं लागलं नाही. लँडर टेकला, कलला आणि आडवा झाला. आत भाड्याने नेलेली चाकांची गाडी ज्या दारातून बाहेर पडायची, ते मातीखाली दबलं ते दबलंच.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून मोठ्या बाई म्हणाल्या, "पायाच्या बिजागरीत काहीतरी बारीक अडकलं असावं. काय, ते आता कधीच कळणार नाही."

कधीच कळणार नाही! सुटले! काकूंच्या मनात पहिला विचार आला तो हा. पुढे जन्मभर त्यांना या एका विचाराची लाज वाटली.

तेवढ्यात घुम्या उठला. बिजागऱ्या जोडणारा हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी पुष्कळ, म्हणून काकूंनीच त्याला हे नाव पाडलं होतं. "बिजागऱ्या मी पुसल्या होत्या," तो म्हणाला. "माझ्याच हातून काहीतरी राहिलं. मी राजीनामा देतो."

"खाली बस रे," काकू म्हणाल्या. "त्या पायाच्या दुलईत माझी सुई मोडली होती. टोक सापडलंच नाही. कागदावर आहे ते दुसऱ्या सुईचं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, म्हातारीचे डोळे गेले."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काकू," मोठ्या बाई म्हणाल्या, "दुलई काढून तपासून परत घालायची, दोन दिवसांचं काम होतं हो. उड्डाण लांबलं तेव्हा आपण आठ दिवस नुसते बसून होतो."