सामानावर बसून

रशियन भाषेत एम.ए. झालेला माजरी गावातला मी एकमेव माणूस आहे, आणि त्याचा माजरीला अजून तरी काही त्रास झालेला नाही.

कोळसा खाणीतून निवृत्त झालेले माझे आजोबा, म्हणजे आबाजी, दर सुट्टीत विचारायचे, "बाबू, रशियन शिकून भेटते काय?"

अखेर नागपूरला दुभाष्याच्या नोकरीची मुलाखत ठरली. (ती हुकली तर मामांचं टायरचं दुकान!) सकाळची एसटी हॉर्न वाजवत आमच्या दारावरूनच जायची. निघताना मला विद्वत्ता पाजळायची हुक्की आली.

"रशियात प्रवासाआधी सगळे सामानावर घडीभर गप्प बसतात. सगळ्यात मोठं माणूस आपणहून उठलं की मगच उठायचं. मधे बोललं की अपशकुन!"

"पैल्यांदा काही कामाचं शिकला!" म्हणत आई तांदळाच्या पोत्यावर बसली. बाबा बॅगेवर, मी सुटकेसवर, आबाजी खाटेवर.

काय ती शांतता! आमच्या घरात जन्मात कोणी इतकं गप्प बसलं नव्हतं. उन्हाच्या कवडशात कोळशाची धूळ तरंगत होती, मला ती बर्फच वाटायला लागली (काळी, पण बर्फ!). केसाळ टोपी घालून मी पांढऱ्या झाडांमधून चाललो होतो. आईसुद्धा गालात हसत होती. फार सुखाचं वाटत होतं.

तेवढ्यात आबाजी अलगद आडवे झाले. झोपले!

आता? बाबांनी डोळे वटारले. मी तोंडावर बोट ठेवलं. नेमके शेजारचे गुलाबभाऊ दारात आले. घर मुकं, सगळ्यांच्या माना खाली, आबाजी आडवे! भाऊंनी चपला काढल्या आणि निमूट बाबांजवळ बसले. त्यांना पाहून आणखी चौघे आले. शेवटी समोरच्या पारबताबाईंनी दारातूनच सूर लावला, "आबाजीऽऽ, काऊन सोडून गेले जीऽऽ!"

आबाजी ताडकन उठले. "कोन मेला?"

"उठले!" म्हणत मी सुटकेस घेऊन धावलो. एसटी वळणापार गेली होती. दारातला चपलांचा ढीग पाहून ड्रायव्हरने बिचाऱ्याने आदराने हॉर्नही वाजवला नव्हता!

आबाजी मात्र खूश. "माह्या मयतीले कोन कोन येते, जितेपनीच पाह्यलं! रशियन शिकल्याबिगर भेटते का हे?"

हल्ली गिऱ्हाईक नसलं की मी टायरवर गप्प बसतो. हळूहळू बर्फ पडायला लागतो. मग मामा ओरडतात, "ऊठ बे!"

दुकानात सगळ्यात मोठे तेच. पण ते खुर्चीतून उठत नाहीत, मलाच उठावं लागतं!